हत्यार की हुद्दा?

डेरे अण्णा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, कमरेकडे बघतात.

हे वाचून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर उत्तम. माझ्याही पडल्या होत्या, आणि मी त्या नुसत्या कपाळावर ठेवल्या नाहीत. नागपूरहून नोकरीसाठी बंगलोरला आलेली, राजाजीनगरात गल्लोगल्ली खोली शोधत हिंडणारी मी. दार उघडलं ते एका उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थाने. त्याने माझ्या कमरेवर नजर रोखली, मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "सव्वा हात. सरळ पातं. मूठ लहान."

"लाज नाही वाटत?" मी बॅग तिथेच आपटली. "एकट्या मुलीकडे असं बघायला?"

गृहस्थ गोंधळून मागे सरकला. स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत एक ठेंगणी बाई धावत आली. "अय्यो, घाबरू नको गं! तलवारीचं माप काढतायत ते. खोली द्यायची नसली की मापच काढत नाहीत. ये, आत ये, स्वल्प कॉफी घे."

अशी मला खोली मिळाली. वरच्या मजल्यावरची, गच्चीला लागून. आणि खाली मिळाले वेंकोबराव डेरे, म्हणजे अण्णा, आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची.

अण्णा वीजखात्यात मीटर तपासायला होते. निवृत्त झाले तेव्हा पश्चिम बंगलोरमधल्या बहुतेक घरांत ते एकदा तरी जाऊन आलेले होते. त्यांना विचारा की अमक्या घरात किती माणसं आहेत. सांगता येणार नाही. पण भिंतीवर काय लटकतंय ते विचारा! "कोपऱ्यावरचं घर? ढाल एक, तलवारी दोन, एक खोटी. त्याच्या शेजारी? कट्यार, मूठ बदललेली." मीटरचा आकडा नंतर.

आता सवाल असा, की हे वेड आलं कुठून? त्यासाठी तुम्हाला इथली एक भानगड सांगायला हवी. इथे आमच्यासारखे काल आलेले मराठी लोक आहेत, तसे शेकडो वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलेलेही आहेत. घरात मराठी, दारात कन्नड. या जुन्या घराण्यांचा राजाजीनगरात एक हॉल आहे. खंडेनवमीला तिथे सगळी घराणी आपापल्या तलवारी आणून एका ओळीत मांडतात. भोवती दोरी बांधतात. दोरीच्या आत पुरुष आणि तलवारी. दोरीबाहेर बायका आणि हळदीकुंकवाची तबकं. ज्याची तलवार ओळीत जितकी पुढे, तितका त्याचा मान मोठा. मग लग्न जुळवताना मान, जेवणाच्या पंगतीत मान, भांडणात मान. स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली, अंतराळात जाणारे उपग्रह बनवणारं शहर हे, आणि इथे माणसाची किंमत भिंतीवरचं लोखंड ठरवतं! मी हे ऐकलं तेव्हा माझं रक्त उकळलं.

आणि डेऱ्यांच्या घरात तलवारच नव्हती.

"आमचे पूर्वज फौजेबरोबर आले खरे," अण्णा सांगायचे, "पण तंबू ठोकायला. तलवारवाले झोपायचे कुठे? आम्ही ठोकलेल्या तंबूत! पण ओळीत कोण? ते. आम्ही कुठे? चपलांपाशी."

हॉलचे प्रमुख रणनवरे मामा. जाडजूड, रेशमी फेटा, आवाज असा की लाउडस्पीकर नको. ते दर वर्षी अण्णांना सगळ्यांच्या देखत विचारायचे, "काय वेंकोबा, यंदा तंबूची मेख आणलीस का पूजेला?" आणि सगळा हॉल हसायचा.

दुसरा कुणी असता तर जुन्या बाजारातून एक तलवार आणून पणजोबांच्या नावावर खपवली असती. निम्म्या लोकांनी तेच केलं होतं, अण्णांनी मोजून ठेवलेलं होतं. पण अण्णा त्या जातीचे नाहीत. ते ओळीत शिरायला थेट ओळीच्या मागे गेले. लोखंडाच्याही मागे, काशाच्या काळात. फूटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक फाटकं इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यात काशाच्या पहिल्यावहिल्या तलवारींची चित्रं होती. त्यातलं एक कापून त्यांनी फ्रेम केलं आणि देव्हाऱ्याशेजारी लावलं. अक्का रोज देवांना फुलं वाहायची आणि एक फूल तिथेही ठेवायची. "उगीच रुसायला नको," म्हणायची. तलवार की नवरा, ते स्पष्ट करायची नाही.

"लोखंड म्हणजे काय गं, पत्रकबाई?" अण्णा मला म्हणायचे. माझं हे नाव त्यांनीच ठेवलं. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं काढत आले. फीवाढ, हुंडा, वसतिगृहाच्या डाळीतला खडा, विषयाला तोटा नव्हता. राजाजीनगरात आल्यावर पहिल्याच महिन्यात नळाच्या पाण्यावर एक काढलं आणि अण्णांच्या दारातून आत सरकवलं. "लोखंड घरोघरी सापडतं. खणा आणि काढा. काशाला दोन धातू लागतात, तांबं आणि कथील. तांबं एकीकडे, कथील कुठल्या कुठे. उंटावरून, नावेतून आणायचं आणि दोघांचं लग्न लावायचं. तांबं एकटं मऊ. कथील एकटं मऊ. एकत्र आली की बघ!"

"आपल्यात तांबं कोण आणि कथील कोण ते सांगा," आतून अक्काचा आवाज.

"दहाला एक कथील," अण्णा तिकडे दुर्लक्ष करून पुढे. "तलवारीचं प्रमाण. त्याहून बरंच जास्त घातलं तर कडक होतं, पण काचेसारखं मोडतं. मात्र वाजतं फार छान. ते घंटेचं कासं, ताटाचं कासं."

"म्हणजे माझं ताट तुमच्या तलवारीपेक्षा कडक!"

"कडकच तू. मी कुठे नाही म्हणतोय?"

त्या ताटाबद्दल आत्ताच सांगून टाकते. अक्काचं ते माहेरचं काशाचं ताट, जाड, पिवळसर, कडेला ठोक्यांच्या खुणा असलेलं. जेवायला बोलवायची वेळ झाली की अक्का ते उचलून पळीने वाजवायची. कारण अण्णा पुस्तकात असले की हाका ऐकू येत नसत. टण्ण! पहिल्या ठोक्याला अण्णा हलत नसत. टण्ण! दुसऱ्याला "सरी, सरी, आलो" म्हणत आणि पान उलटत. तिसरा ठोका असा पडायचा की वर माझ्या खोलीतलं खिडकीचे गज थरथरायचे. मग अण्णा उठत. मी हा प्रकार रोज वरून ऐकायची आणि रोज अक्काच्या वतीने चिडायची. बाईने रांधायचं, वर घंटा पण तिनेच वाजवायची!

एकदा खाली जाऊन मी बोललेच. अक्का हसत सुटली. "अगं, एका ठोक्यात उठले तर मला वाजवायची मजा काय?"

अण्णांचं बोलणं सुरू झालं की आवरणं कठीण. मीही ऐकत बसायची, हे कबूल करायला हवं, कारण त्यात मला पत्रकाचा मसाला सापडायचा. "कुऱ्हाडीने लाकूड तुटतं," ते बोटांवर मोजत सांगायचे. "भाल्याने शिकार होते. सुरीने भाजी चिरता येते. तलवारीने काय होतं? माणूस मरतो. बस्स! तिचा दुसरा उपयोगच नाही. केवळ माणसाला मारायला म्हणून माणसाने केलेली ही पहिली वस्तू. दगडाचं एवढं लांब पातं मोडायचं, तांब्याचं वाकायचं. कासं आलं आणि जमलं!"

"हे तर छापायला हवं!" मी ओरडायची.

"थांब, पुढे ऐक. आणि ज्यांनी ती केली, त्यांच्यातल्या कितीकांनी ती उगारलीच नाही! कुणी मुठीवर चांदी जडवली, कुणी मेल्यावर बरोबर पुरून घेतली, कुणी नदीत सोडून दिली. आपल्या गंगेकाठी तर मुठीला दोन शिंगं फुटलेल्या सापडतात, हातात धरायच्या म्हटल्या तर मनगटात रुतायच्या. मग ओळखायचं कसं? धार बघायची. धारेला दाते पडलेले असले तर हत्यार. नसले तर हुद्दा."

हत्यार की हुद्दा! हा त्यांचा जगाला लावायचा निकष होता. माझ्या कंपनीतला पुण्याचा एक मुलगा एकदा मला पुस्तक द्यायला घरी आला. पट्ट्याला नवाकोरा पेजर. आमच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमध्ये तेव्हा पेजरवाले खिडकीशी बसत आणि बिनपेजरवाले उभे राहत, असा नियम नव्हता, पण होतं तसंच. अण्णांची नजर अर्थातच थेट कमरेवर.

"हे काय आहे?"

"पेजर, अंकल. कुणी मेसेज केला की वाजतं."

"आजपर्यंत किती वेळा वाजलं?"

मुलगा लाल झाला. "तसं... अजून कुणाला नंबर दिला नाहीये."

"हुद्दा!" अण्णा आनंदाने टाळी वाजवून ओरडले. "अक्का, बाहेर ये! काशाची तलवार आलीये घरी!"

शेजाऱ्यांची नवी गाडी: हुद्दा. अक्काची विळी: हत्यार. माझा ऑफिसातला संगणक: "स्वल्प हत्यार, जास्ती हुद्दा." माझी पत्रकं? त्यावर त्यांनी पत्रकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "दाते पडलेत का कुठे?" त्यांनी विचारलं. नळाला पाणी तर अजून आलं नव्हतं.

एकदा भजी तळताना अक्काच्या झाऱ्याचा दांडा निखळला आणि झारा कढईत पडला. अक्का तेलाचे थेंब झटकत मागे उडी मारते तोच अण्णा स्वयंपाकघरात धावले, आणि पोळलेल्या बायकोकडे न बघता त्यांनी दांडा उचलून दिव्याखाली धरला. "हाच तो दोष! पहिल्या तलवारींचा हाच दोष! पातं वेगळं, मूठ वेगळी, मध्ये रिव्हेट. भोसकायला ठीक, पण आडवा घाव घातला की रिव्हेट उखडून मूठ हातात आणि पातं शत्रूकडे! मग त्यांना अक्कल आली, मूठ आणि पातं एकसंध ओतायला लागले."

"तुम्हाला कधी येणार?" हातावर पाणी ओतत अक्का म्हणाली. "माझा हात भाजलाय."

त्या दिवशी मात्र अण्णा चांगलेच ओशाळले. ते अक्काच्या हाताला तूप लावत बसले होते आणि अक्का दुसऱ्या हाताने भजी खात होती.

मी अक्कालाही सोडलं नव्हतं. "तुम्ही दोरीच्या बाहेर का उभ्या राहता? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तलवारींना लावायची हळद धरून! आत जायचा हक्क नको?"

"आत काय आहे गं?" अक्का म्हणाली. "गंज." मग, तबक घासता घासता, "पण आपल्या घरातलं काहीतरी असतं ना तिथे, तर हळद लावताना बरं वाटलं असतं."

अण्णा पुस्तकात होते. मला वाटलं, त्यांनी ऐकलं नाही.

पुढच्या संक्रांतीनंतर अक्का गेली. आजार लहान होता, तोच मोठा झाला. खालून ठोके यायचे बंद झाले. अण्णा जेवायचे की नाही कोण जाणे. मी डबा घेऊन गेले की म्हणायचे, "ऊटा झालं माझं," आणि स्वयंपाकघरातला दिवा तर लागलेलाच नसायचा. फ्रेमपुढचं फूलही बंद झालं. कमरेकडे बघणंसुद्धा. पोस्टमन येऊन गेला, नवा दूधवाला येऊन गेला, अण्णांनी कुणाचंच माप काढलं नाही. खरं सांगते, तेव्हा मला त्या वेडाची किंमत कळली. शहाणे झालेले अण्णा बघवत नव्हते.

आणि श्रावणात एके सकाळी ते जिना चढून धापा टाकत वर आले. हातात फणसाच्या लाकडाची कोरलेली, घासून गुळगुळीत केलेली तलवार.

"पत्रकबाई! नमुना तयार आहे. ओततो! यंदा खंडेनवमीला डेऱ्यांची तलवार ओळीत!"

मी टाळ्याच पिटल्या. रविवारी आम्ही यशवंतपूरला गेलो. तिथे बाजारामागच्या शेडमध्ये सिद्दप्पाचा ओतकामाचा कारखाना होता, नळाचे व्हॉल्व्ह ओतायचा. अण्णांच्या मांडीवर अक्काच्या जुन्या हिरव्या साडीत बांधलेलं एक गाठोडं होतं. रिक्षाला धक्का बसला की त्यातून किणकिण यायची. मी धरायला हात पुढे केला तर, "बेड, बेड, नको. मीच धरतो." सिद्दप्पाने भंगाराच्या ढिगाकडे बोट दाखवलं, हवं ते घ्या, चांगलं कासं आहे म्हणाला. अण्णांनी नकाराची मान हलवली आणि गाठोडं पुढे केलं. सिद्दप्पाने एक कोपरा उचलून आत पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं.

"हे मोडेल, सार."

"गोत्तु, सिद्दप्पा. माहितेय मला. ओत."

मला सिद्दप्पाचा राग आला. शुभकार्याच्या वेळी असं बोलतात का? पण मग भट्टी धडधडली, मुशीतला रस पिवळाधमक, पांढुरका, डोळ्यांत मावेना असा झाला, आणि सिद्दप्पाने तो वाळूच्या साच्यात सोडला तेव्हा मी तर ओरडलेच. नारिंगी रेघ आत शिरली, धूर आला, वाळू सुस्कारली. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी अशीच पाहिली असेल! साचा फोडल्यावर काळंभोर, खडबडीत काहीतरी निघालं. अण्णांनी ते टॉवेलात असं घेतलं जसं बाळंतिणीच्या खोलीतून कुणी बाळ बाहेर आणतं.

मग घासणं. दिवसचे दिवस. वाळूचा कागद, चिंच, रांगोळी. गणपती येऊन गेले, पितृपक्ष संपला, तेव्हा ती अशी झळकायला लागली की देव्हाऱ्याशेजारचं चित्र फिकं पडलं. मूठ आणि पातं एकसंध. पानासारखं मधे रुंद, टोकाला निमुळतं.

आता रणनवरे मामा. अण्णा तलवार दाखवायला गेले तर मामा म्हणाले, "पितळेची का?"

"काशाची. तुमच्या सगळ्यांच्या तलवारींची आजी."

"आजी असो की नात. नवी तलवार ओळीत यायची तर एका घावात कोहळा कापून दाखवायचा. आमच्या तलवारींनी रणात माणसं कापलीत!"

"ओळीत ठेवा, कापायला लावू नका," अण्णा हात जोडून म्हणाले. मी तिथे होते. त्यांनी खरंच हात जोडले. "इथल्या एका तरी तलवारीच्या धारेला दाते आहेत का, मामा? मग माझ्याच तलवारीला परीक्षा का?"

मामा हसले. "घाबरलास? मेखवाला तो मेखवाला!"

झालं! एवढं ऐकल्यावर मी स्वस्थ बसणार? त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या, घरोघरी वाटल्या. मथळा: "एकच न्याय हवा! कोहळा सर्व तलवारींनी कापावा!" खाली दोन मागण्या. एक, रणनवऱ्यांपासून डेऱ्यांपर्यंत प्रत्येक तलवारीची परीक्षा. दोन, दोरी काढा, बायकांना आत घ्या.

अण्णांनी चष्मा लावून ते नीट वाचलं. "छान आहे. धार आहे," ते म्हणाले. मग कागदाची घडी घालत, "स्वल्प उलटं झालंय. मी म्हणत होतो, कुणीच कापू नये."

"अण्णा, भिऊन कसं चालेल? तुमची एकच तलवार धारेची आहे तिथे! सगळ्यांचं पितळ उघडं पाडू!"

त्यांनी घडी खिशात ठेवली. मी लढ्याच्या तयारीला लागले.

खंडेनवमीला हॉल असा भरला होता की खिडक्यांतही माणसं. माझ्या पत्रकाने काम केलं होतं! दोरी होती तिथेच होती, पण तरुण पोरांनी "सगळ्यांनी कापा! सगळ्यांनी कापा!" असा गजर लावला आणि हॉलच्या पंचांना होकार द्यावा लागला. पाटावर पांढऱ्या भुकटीचे मोठमोठे कोहळे मांडलेले. पहिला मान अर्थात रणनवऱ्यांचा. मामांनी मखमली म्यानातली तलवार कपाळाला लावली, मूठ धरली, उपसली.

उपसली म्हणजे ओढली. ती येईना. मामांनी फेटा सावरला, पाय रोवले, पुन्हा ओढली. "मामा, तुम्ही मूठ धरा, मी म्यान धरतो," म्हणत एक भाचा पुढे आला. दुसऱ्याने पहिल्याची कंबर धरली. "हां मामा, लावा जोर! एळी, एळी!" आणि एकदम काहीतरी तुटलं, भाचे दोरीवर, दोरी बायकांवर, मामा कोहळ्यावर. मामांच्या हातात जे आलं ते वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं दिसत होतं. कोहळा शाबूत. मामा त्यावर बसले होते तरीही शाबूत.

हॉल हसून हसून आडवा झाला. मी तर नाचत होते! पुढच्या दोन-तीन घराण्यांनी तलवारी घाईघाईने कापडात गुंडाळल्या. एकाला एकदम कंबरदुखी आठवली. मग कुणीतरी ओरडलं, "डेरे अण्णा! आता तुम्ही!"

अण्णा चपलांपासून निघाले आणि मधोमध आले. हिरव्या साडीचा कपडा सोडला. तलवार बाहेर आली आणि खरंच सांगते, हसणं थांबलं. ट्यूबलाइटच्या उजेडात ती पिवळीजर्द पेटली. एका म्हाताऱ्याने नकळत हात जोडले. रणनवरे मामा जमिनीवरूनच तोंड उघडं टाकून बघत होते. एक घाव! फक्त एक घाव, आणि तंबूवाल्यांचं घराणं ओळीत पहिलं!

अण्णांनी दोन्ही हातांनी तलवार डोक्यावर उचलली. कोहळ्याकडे पाहिलं. मग पात्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

आणि खाली घेतली.

"बेड," ते म्हणाले. "नको. राहू दे."

त्यांनी तलवार पुन्हा साडीत गुंडाळली, चपला शोधल्या आणि चालू लागले. मागून मामांचा आवाज आला, आता त्यात दम परत आला होता, "मेख ती मेखच!" आणि लोक पुन्हा हसले. माणसांना हसायला कुणीही चालतं.

मी सगळा रस्ता त्यांच्यामागे भांडत आले. "काय केलंत हे? हातात आलेलं घालवलंत! मोडेल म्हणून घाबरलात ना? सिद्दप्पा म्हणाला होता मोडेल! मोडली असती तर मोडली असती, अण्णा, दुसरी ओतली असती! निदान घाव घातला असता!"

अण्णांनी कुलूप काढलं, थेट स्वयंपाकघरात गेले. खिडकीशेजारी एक खिळा आहे. त्यांनी तलवारीच्या मुठीला सुतळी बांधून ती त्या खिळ्यावर टांगली. मग ओट्यावरची पळी घेतली आणि पात्यावर हलकेच मारली.

टण्ण.

मी बोलता बोलता थांबले. हा आवाज मला पाठ होता. रोज संध्याकाळी वर, खिडकीच्या गजात.

मी फडताळाकडे पाहिलं. काशाचं ताट ठेवायची जागा रिकामी होती. शेजारच्या वाट्याही नव्हत्या.

"ताटाचं कासं," अण्णा म्हणाले. "घाव घातला असता तर तुकडे झाले असते. मला माहीत होतं. म्हणून हात जोडत होतो, कापायला लावू नका, नुसती ठेवा. एकदा ओळीत ठेवायची होती तिला. दोरीच्या आत. बायकांनी हळद लावली असती." त्यांनी हलणाऱ्या पात्यावर बोट ठेवून ते थांबवलं. "मेख म्हणतात ते म्हणू देत. कोहळ्यासाठी तिला मोडू?"

मी पात्याच्या धारेवरून बोट फिरवलं. एकही दाता नव्हता. मी विचारलं, "मग ही काय झाली, अण्णा? हत्यार की हुद्दा?"

त्यांनी पळी ओट्यावर ठेवली.

"ताट," ते म्हणाले. "बस, जेवून जा."

दोरी काढा म्हणणारं पत्रक मी पुढच्या वर्षी पुन्हा काढलं, आणि काढतच राहणार आहे. बायका आत गेल्याशिवाय मी थांबायची नाही. अण्णा पुन्हा माणसांच्या कमरेकडे बघायला लागले आहेत. परवा आमच्या गॅसवाल्याला त्यांनी शिंगवाली मूठ बहाल केली.

आणि रोज संध्याकाळी खालून ठोका येतो. अण्णा स्वतःच भात उतरवतात, स्वतःच पळी उचलतात. टण्ण! मी वर कान देऊन असते. दुसरा ठोका कधी पडत नाही. आता ते पहिल्याच ठोक्याला उठतात.